पाच पुनवांचं अळणी

कार्तिक वद्य ३, शके १८३४. जव्हार.

डॉक्टरसाहेबांनी आज ही कोरी वही दिली आणि म्हणाले, "तुकाराम, माणसाने रोजचं रोज लिहावं, डोकं ताळ्यावर राहतं." साहेबांचा शब्द मला वेदवाक्य, म्हणून बसलो लिहायला. मी मूळचा जामसरचा, कुणब्याचा पोर, मराठी सहावी पास. चार वर्षं इथल्या धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर आहे. लाकडाचे ठेकेदार अण्णाशेठ दवाखान्याचा सगळा भार उचलतात. औषधं मी कालवतो, बाटल्यांवर मात्रेच्या खुणा कापलेल्या कागदी पट्ट्या मी डकवतो आणि रोग्यांच्या शिव्याही मीच खातो.

आज सूर्यमाळहून पांड्या आणि त्याची बायको गौराबाई पोरीला घेऊन आली. दीड दिवस चालत होती. पोरीचं नाव नवशी, वय तेरा-चौदा. पाचव्या वर्षापासून फेफरं येतं. पोटावर गावच्या लाडक्या नावाच्या भगताने दिलेले डाग, डाव्या हाताला चुलीत पडून भाजलेली कातडी. दवाखान्याच्या पायरीवरच तिला झटका आला. बाहेर बसलेले निम्मे रोगी पळाले. एकाने पायातली वहाण काढून तिच्या नाकाशी धरली. गौराबाईने त्याच्या हातावर अशी चापट मारली की वहाण अंगणात जाऊन पडली. बाई मला आवडली.

साहेबांनी नवशीला पाऊण तास तपासलं. एरवी डोंगरातला माणूस आला की ते दारातूनच जीभ बघतात. गौराबाई त्यांना बेधडक "तू" म्हणत होती, तरी रागावले नाहीत. मुंबईहून त्यांच्याकडे नवं पुस्तक आलं आहे. फेफऱ्यावर ब्रोमाइड द्यायचं, आणि रोग्याने मीठ सोडलं तर ते कितीतरी जास्त लागू पडतं, असं त्यात आहे. गरिबाच्या पोरीसाठी रात्री जागून पुस्तकं वाचणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही.

कार्तिक वद्य ४

मीठ सोडायचं म्हटल्यावर पांड्या अडूनच बसला. "मिठाबिगर आमच्याकडं काय हाय? नागलीची भाकर, मिरची आन मीठ. ते पन मोखाड्याच्या बाजारातून आनतो तवा." त्याचंही खरं. त्यांच्याकडे मीठ म्हणजेच भाकरीबरोबरचं कोरड्यास.

साहेब कंटाळून उठले. मग मी माझं डोकं लढवलं. पांड्या-गौराबाईला जांभळीखाली नेलं आणि गंभीर तोंड करून सांगितलं की काल रात्री गावदेवी माझ्या स्वप्नात आली. म्हणाली, पोरीने आजपासून पाच पुनवा अळणी खावं, पहिली मार्गशीर्षाची, शेवटची चैत्राची, आणि दवाखान्यातलं पाणी प्यावं. मध्येच मीठ जिभेला लागलं तर पोर हातची जाईल.

गौराबाईने लगेच भुईला हात लावून कपाळाला लावला. "पोरीचं अळणी, तर माजं पन अळणी," म्हणाली. मी म्हटलं, तुला गरज नाही. तर म्हणाली, "देवीला एकली पोर कशी देऊ?"

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले आणि माझी पाठ थोपटली. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. आज मला जेवण गोड लागलं.

मार्गशीर्ष वद्य ६. मोखाडा.

दर महिन्याला मी तट्टावरून मोखाड्याकडे हिवतापाचं कोयनेल वाटायला येतोच. आता साहेबांच्या हुकमाने पुढे सूर्यमाळलाही जायचं; आज तिथूनच परतलो. नवशीचा वेगळा कागद त्यांनी आखून दिला आहे. झटके किती, झोप कशी, चाल कशी, जीभ कशी, अंगावर पुरळ आहे का. प्रत्येक रकाना भरून आणायचा.

गौराबाई झटक्यांचा हिशेब सुतळीला गाठी मारून ठेवते. औषधाआधीच्या महिन्यात अकरा गाठी होत्या. या महिन्यात दोन! पांड्याने मला घोंगडीवर बसवलं. गौराबाईला एकच शंका होती, औषध खारट लागतं म्हणून पोर सांगते, मग देवीचं अळणी मोडलं तर नाही ना. ब्रोमाइड चवीला खारट असतंच. मी म्हटलं, देवीने चाखूनच दिलंय. ती समाधानाने हसली.

नवशी पाण्याला एकटी गेली होती. आठ वर्षांत पहिल्यांदा तिला एकटीला झऱ्यावर सोडली, असं पांड्या तीनदा सांगत होता. परत आली तेव्हा डोक्यावरचं मडकं भरलेलं आणि मान ताठ. लाडक्या भगत आपल्या अंगणातून बघत होता. मी मुद्दाम त्याला जोरात रामराम घातला. त्याची जिरली.

पौष शुद्ध २. जव्हार.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "आता मात्रा वाढवू." पट्टीची एक खूण दिवसातून तीनदा होती, ती दोन खुणा. पांड्याला बोलावून नव्या पट्टीची बाटली लगेच दिली. मी विचारलं, दोनच झटके राहिलेत, मग वाढवायची कशाला? म्हणाले, "शेवट कुठे आहे ते कळलं पाहिजे." रोगाचा शेवट करायचा, अर्धवट सोडायचा नाही, अशी त्यांची जिद्द. जवळच राहणारा रोगी असता तर त्यांनी रोज बघितला असता. सूर्यमाळला महिन्याची बाटली एकदम द्यावी लागते, त्याला इलाज नाही.

पौष वद्य ५. सूर्यमाळ.

सुतळीला एकही गाठ नाही. एकही! मला उड्या माराव्याशा वाटल्या.

बाकी रकाने भरले. झोप भरपूर, दिवसाही झोपते. आठ वर्षांची जागरणं भरून काढतेय, दुसरं काय. तोंडावर आणि पाठीवर मोठे मोठे मुरुम उठलेत. वयात येणाऱ्या पोरींना येतातच. बोलणं जरा जड. चाल मात्र मला आवडली नाही, भेलकांडत चालते. तोंडालाही वास येत होता. मी पांड्याला सरळ झापलं, "घरात मोहाची काढून पोरीला पाजतोस काय रे?" तो बिचारा पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ लागला. मी म्हटलं, शपथा माझ्यापुढे नकोत. यांना कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी.

गौराबाई वाळलेली दिसली. बिनमिठाची भाकर उतरत नाही म्हणाली, पण तक्रार म्हणून नाही. "अजून तीन पुनवा," बोटं मोजून म्हणाली.

माघ शुद्ध ४. जव्हार.

दवाखान्यातली गोष्ट बाहेर न्यायची नाही, पण वही म्हणजे काही बाहेर नव्हे. अण्णाशेठांच्या त्र्यंबकलाही फेफरं आहे! एकोणीस वर्षांचा मुलगा, वैशाखात कल्याणच्या मुलीशी लग्न ठरलेलं. घरातल्या घरात दोन वर्षं लपवलं. आता साहेबांनी औषध सुरू केलं. मी बाटली भरली, दोन खुणांची पट्टी डकवायला घेतली, तर साहेबांनी हात धरला. "अर्धी खूण," म्हणाले. "आणि मीठ बंद करायचं नाही." मी म्हटलं, मिठाशिवाय जास्त लागू पडतं ना? म्हणाले, "मोठ्या घरचं ताट अळणी कसं ठेवणार? पाहुणे येतात-जातात." तेही बरोबरच. साहेब रोज सकाळ-संध्याकाळ शेठांकडे जाऊन येतात. नेमका उपचार त्यांच्या हाताशी आधीच तयार होता हे शेठांचं नशीब.

माघ वद्य ७. सूर्यमाळ.

नवशीने मला ओळखलं नाही. तिच्या आईलाही ओळखत नाही. खोपीत कुशीवर पडून असते, लाळ गळते, हलवलं तर डोळे उघडून छपराकडे बघते. गौराबाई तिला बोटाने औषध चाटवते, दोन खुणा, दिवसातून तीनदा. एकही चुकवलेली नाही. गाठ नाही सुतळीला. "पडत नाय आता," पांड्या म्हणाला, "पन उठत पन नाय."

कागदावर सगळं लिहिलं. बाटली द्यावी की नाही असं एक क्षण वाटलं. मग वाटलं, मी कोण शहाणा लागून गेलोय? बाटली दिली.

माघ वद्य १०. जव्हार.

साहेबांनी कागद वाचून नुसतं "हं" केलं. मी म्हटलं, पोर जाईल साहेब. म्हणाले, "सुरू ठेव. पुढच्या महिन्याचा कागद नीट भरून आण." पुढच्या महिन्याचा कागद. झोप लागत नाही म्हणून हे लिहितो आहे.

फाल्गुन शुद्ध ५

शेठांकडून निरोप आला की त्र्यंबकच्या कपाळावर चार मुरुम आलेत आणि सकाळी तो उशिरा उठला. साहेब जेवणावरून उठून धावले. मला पेटी घेऊन मागे यायला सांगितलं. त्यांनी औषध तिथल्या तिथे थांबवलं. स्वयंपाकघरातून मीठ मागवलं, तांब्याभर पाण्यात विरघळवलं आणि त्याला प्यायला लावलं. "दिवसातून तीन वेळा," शेठाणींना म्हणाले. "मीठ हाच याचा उतारा. दोन दिवसांत टवटवीत होईल, मग पाव खुणेवर आणू." त्र्यंबक तोंड वाकडं करून प्यायला.

चार मुरुम. मी नवशीच्या पाठीवरचे मोजलेही नव्हते. मी पेटी धरून उभा होतो. वाटेत साहेब काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही.

फाल्गुन शुद्ध ६

साहेब शेठांकडे गेल्यावर मी त्यांच्या टेबलाचा खण उघडला. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पण माझ्याच कागदांची नक्कल ओळखायला इंग्रजी लागत नाही. मुंबईच्या कुठल्याशा वैद्यक मासिकाला पाठवायचा लेख होता. एका बाजूला "डोंगरी मुलगी, न." आणि दुसऱ्या बाजूला "प्रतिष्ठित घरातील तरुण, त्र्यं." मुलीवर मात्रा वाढवत नेऊन विषाची खूण कुठे दिसते ते ठरवलं, आणि त्यावरून तरुणाला सुरक्षित मात्रा दिली, असं लिहिलं आहे. सगळ्यात वरची तारीख, त्र्यंबकला पहिल्यांदा तपासल्याची, आश्विनातली. म्हणजे शेठांनी आपल्या मुलाचं सांगितलं ते आश्विनात, आणि नवशी आमच्या पायरीवर आली कार्तिकात. पाऊण तास तपासलं म्हणून मी भुललो होतो.

साहेब आले तेव्हा कागद माझ्या हातातच होते. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते खुर्चीत बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मात्रा कुठेतरी ठरवावीच लागते, तुकाराम. अण्णाशेठांच्या मुलावर ठरवू? दवाखाना राहील का उद्या? या दवाखान्यात तिच्यासारख्या हजार जणी येतात."

मी म्हटलं, "मिठाने उतरतं हे तुम्हाला ठाऊक होतं."

"अर्थात ठाऊक होतं," म्हणाले.

केसाने गळा कापला माझा. पण माझा गळा शाबूत आहे, जायचा तो दुसऱ्याचाच. तट्टू काढतो आहे.

फाल्गुन शुद्ध ९. सूर्यमाळ.

काल दुपारी पोचलो. आधी बाटली फोडली. मग गौराबाईला म्हटलं, मीठ काढ, पाण्यात घाल, पोरीला पाज. घरात मीठ होतं; आढ्याला टांगलेल्या भोपळ्यात, कार्तिकापासून कुणी हात न लावलेलं.

गौराबाई दारात उभी राहिली. "दोन पुनवा हाईत अजून," म्हणाली.

मी म्हटलं, आता नको ते अळणी, मोड. तर ती म्हणाली, "मीठ लागलं तर पोर हातची जाईल, तूच बोलला. देवी बोलली तुला." मी म्हटलं, देवीने पुन्हा स्वप्नात येऊन सांगितलं की सोड. हे बोललो आणि माझी मलाच शिसारी आली, कारण मी पुन्हा तीच वाट धरली होती. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या गालांची हाडं वर आली होती. चार महिने बिनमिठाची भाकर खाऊन, लाकडं वाहून, पोरीला पुसून ती एवढीशी झाली होती.

"तवा खोटं बोलला का आता?" तिने विचारलं.

आत नवशीचा श्वास घरघरत होता. मी खाली बसलो आणि सांगितलं. देवी कधी आली नव्हती. तुम्ही मीठ सोडावं म्हणून मी बनवलं. औषध जास्त झालं आहे, आणि मिठानेच उतरेल. डॉक्टरला माहीत होतं, मला माहीत नव्हतं. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, पण बोललो.

पांड्या कोयता घेऊन उठला. मला वाटलं, संपलं. तो तसाच बाहेर गेला आणि लाडक्या भगताला घेऊन आला. मी ज्याची जिरवली होती, तो भगत. त्याने सगळं ऐकून घेतलं, नवशीच्या पापण्या वर करून बघितल्या. गौराबाई म्हणाली, "हा खोटा हाय. पन नवस मी केला, तो खरा हाय. तो कसा मोडू?"

लाडक्याने भोपळा खाली काढला. खडा घेऊन आपल्याच जिभेवर ठेवला. "मोडला तो मी मोडला," म्हणाला. "पाप लागंल तर मला लागंल. पाज पोरीला."

मग गौराबाईने पाजलं. चमचाभर, मग आणखी चमचाभर. तिने स्वतः मात्र जिभेला लावलं नाही.

फाल्गुन शुद्ध १३. सूर्यमाळ.

पाच दिवस झाले. आज सकाळी नवशीने डोळे उघडले आणि आईला हाक मारली. जीभ जड आहे, पण हाक मारली. पांड्या पडवीत तोंड लपवून रडला. गौराबाई रडली नाही. मला कुणी घोंगडी दिली नाही, भाकर मात्र दोन वेळा मिळते. लाडक्याच्या घरून येते.

संध्याकाळी झटका आला. पहिल्यासारखाच, किंबहुना जास्त जोराचा. औषध एकदम तुटलं, तसं होणारच. मात्रा थोडी द्यायला हवी होती, पण बाटली मीच फोडली होती आणि कुणी मला विचारतही नव्हतं.

चैत्र शुद्ध ११, शके १८३५. जव्हार.

उद्या कुणी चौकशी केलीच तर दाखवायला म्हणून साहेबांनी एक कागद पुढे केला. कंपाउंडरने पट्टी चुकीची डकवल्याने डोंगरी मुलीला मात्रा जास्त गेली, असा मजकूर. खाली माझं नाव. "सही केलीस तर जागा राहील," म्हणाले. "नाहीतर शेठांना सगळं सांगावं लागेल, आणि मग मी काही करू शकणार नाही." जामसरला आई आहे, आंधळी. वाटेकडे डोळे लावून बसते म्हणायची सोय नाही, कान लावून बसते.

सही केली. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर घास गिळवत नाही.

वैशाख शुद्ध ८

त्र्यंबकचं लग्न परवा थाटात झालं. औषध लागू झाल्यापासून एकही झटका नाही. साहेबांना शालजोडी मिळाली. लेखही छापून येणार आहे. मला लाडू मिळाले. मी ते दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या रोग्यांना वाटले.

वैशाख वद्य ४. सूर्यमाळ.

रजा काढून आलो. साहेबांना सांगितलं नाही. बाटली बरोबर आणली होती, पट्टी मीच डकवली, पाव खुणेची. मीठ चालू ठेवून पाव खूण, आणि दर आठ दिवसांनी मी येऊन बघणार, असं मनाशी ठरवलं होतं. नोकरी गेली तर गेली. हे शौर्य मला चैत्रात सुचलं नाही, ते आता वरातीमागून घोडं.

नवशी अंगणात नागली पाखडत होती. कपाळावर नवा डाग, अजून ओला. मला बघून सूप खाली ठेवलं आणि आत गेली.

गौराबाईने पाणी दिलं. खाली बसायला सांगितलं. मी बाटली पुढे ठेवली आणि सगळं समजावलं. पोर झोपणार नाही, भेलकांडणार नाही, अळणी नाही, देवी नाही, काही नाही. नुसतं एवढंसं औषध. एवढ्याने झटके थांबतात, नक्की थांबतात, एकाचे थांबलेत. मी हात जोडले.

ती बाटलीकडे बघत राहिली. मला वाटलं, घेईल. आतून नवशी पडल्याचा आवाज आला. गौराबाई धावली नाही, चालत गेली, तिला कुशीवर वळवली, तोंड पुसलं आणि तिथूनच म्हणाली, "पडते, पन उठते आता."

थोड्या वेळाने नवशी खरंच उठून बसली. गौराबाई बाहेर आली.

"एवडंच द्यायचं, जास्त नाय, हे तुला आता कसं कळलं?" तिने विचारलं. "आदी तर कळत नवतं."

खोटं बोलायला जागा होती. पुस्तकात होतं म्हणता आलं असतं, मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं म्हणता आलं असतं. तिने विश्वासही ठेवला असता.

"नवशीवरून कळलं," मी म्हटलं.

"आन थांबलं कोनाचं?"

"शेठाच्या पोराचं."

तिने मान हलवली, समजल्यासारखी. बाटली उचलून माझ्या पिशवीत ठेवली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"मंग आमी द्यायचं ते देऊन झालं, दादा," ती म्हणाली. "आता तू जा."

मी मोखाड्याच्या वाटेला लागलो. अंधार पडायच्या आत पोचलो.